विरामोत्तर एंजिन शीतन

चालू असलेले मोटारगाडीचे एंजिन बंद केल्यापासून त्यातील साठलेली उष्णता बाहेर पडून ते भोवतालच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत जी क्रिया घडते, तिला विरामोत्तर शीतन म्हणतात. किल्ली फिरवून ज्वलन थांबविले की एंजिन त्या क्षणापासून थंड होऊ लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती अंशतःच खरी आहे. एंजिनाचे अतितप्त भाग लगेच थंड होऊ लागतात हे खरे. पण त्यांची उष्णता प्रथम शेजारच्या कमी तापलेल्या भागांकडे जाते. त्यामुळे सिलिंडर शीर्षाभोवतालचे पाणी, इंधन पंप, कार्ब्युरेटर, तसेच बॉनेटखालची हवा यांचे तापमान गाडी उभी केल्यावर काही मिनिटे वाढत जाते व नंतरच उतरणीला लागते. उष्ण एंजिन पुन्हा चालू करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी आणि रेडिएटरचे झाकण उघडताना होणारे भाजण्याचे अपघात यांचे मूळ या मधल्या वाढीत आहे.

चालू एंजिनातील उष्णतेचा प्रवाह : अंतर्ज्वलन एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागाचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते. जवळजवळ तेवढीच उष्णता निष्कास वायूंबरोबर निघून जाते व उरलेली मुख्यतः शीतन योजनेमार्फत हवेत सोडावी लागते. ज्वलन कोठीतील वायूंचे तापमान क्षणभर २,०००° से.च्या वर जाते. तथापि धातूचे भाग इतके तापत नाहीत, कारण त्यांच्या एका बाजूने येणारी उष्णता दुसऱ्या बाजूने पाणी, तेल किंवा हवा सतत वाहून नेत असते. पूर्ण भाराखाली ॲल्युमिनियमच्या दट्ट्याचा माथा सु. २५०° ते ३००° से., निष्कास झडपेचे डोके सु. ६५०° ते ८००° से. व निष्कास नळाचा एंजिनालगतचा भाग याच पल्ल्यात किंवा त्याहूनही अधिक तापलेला असतो. या सर्वांच्या काही सेंटिमीटर अंतरावर शीतक मात्र ८०° ते १०५° से. एवढाच उष्ण असतो. तापमानांतील ही मोठी तफावत केवळ पंपाने फिरविलेल्या शीतकाच्या प्रवाहामुळे टिकून राहते. चालू एंजिन उष्णतेच्या दृष्टीने समतोलात असते. पण तो समतोल वाहत्या नदीच्या पातळीसारखा असतो, साठलेल्या तळ्याच्या पातळीसारखा नव्हे.

बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटे : एंजिन बंद होताच ज्वलन थांबते, पण त्याच क्षणी पट्ट्याने फिरणारा पाण्याचा पंप, तेलाचा पंप आणि गाडीच्या वेगामुळे रेडिएटरमधून वाहणारी हवा हीही थांबतात. म्हणजे उष्णतेची आवक बंद होते, तशी जावकही जवळजवळ बंद होते. दट्टे, झडपा व निष्कास नळ यांत साठलेली उष्णता संवहनाने सिलिंडर शीर्षात व ठोकळ्यात उतरते व तेथून स्थिर झालेल्या शीतकात शिरते.

या उष्णतेचा अंदाज साध्या गणिताने येतो. प्रत्येकी ४०० ग्रॅ. वस्तुमानाचे चार ॲल्युमिनियमचे दट्टे २३०° से. पासून ९०° से. पर्यंत थंड होताना सु. २०० किलोजूल उष्णता देतात. एवढी उष्णता सिलिंडर शीर्षातील दोन लिटर पाण्यालाच मिळाली, तर त्याचे तापमान सु. २४° से.ने वाढेल व साधे पाणी उघड्यावर असते तर उकळू लागेल. प्रत्यक्षात धातूचा ठोकळा व तेल यांनाही वाटा मिळत असल्याने वाढ याहून बरीच कमी, बहुधा ५° ते १५° से. एवढी होते. घाट चढून आल्याबरोबर किंवा मोठ्या वेगाने दीर्घ प्रवास करून लगेच एंजिन बंद केल्यास ती अधिक असते. शहरात सावकाश चालविलेल्या गाडीत जाणवतही नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची उष्णता संवाहकता बिडाच्या सु. तिप्पट असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या शीर्षात तापमानाची विषमता लवकर नाहीशी होते. बिडाच्या जुन्या एंजिनांत झडपांजवळचे स्थानिक उष्ण भाग अधिक काळ टिकतात.

निष्कास नळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. त्यामुळे ६००° से. तापमानाचा नळ ९०° से. तापमानाच्या तेवढ्याच पृष्ठभागापेक्षा तीसपटींहून अधिक उष्णता प्रारित करतो. हा नळ झपाट्याने थंड होतो खरा, पण त्याने सोडलेली उष्णता बंद बॉनेटखालच्या हवेत व शेजारच्या रबरी नळ्या, तारा व इंधन नळ्या यांत जाते. गाडी धावत असताना थंड असलेले हे भाग गाडी उभी राहिल्यावर सर्वांत जास्त तापतात. बॉनेटला हात लावून गाडी किती वेळापूर्वी आली हे ओळखण्याचा प्रघात आहे. परंतु बॉनेटचा पत्रा गाडी थांबल्यानंतर काही वेळाने अधिक उष्ण होत असल्याने हा अंदाज फारसा विश्वसनीय नसतो.

दीर्घकालीन शीतन : तापमान आतल्या आत सारखे झाले की संपूर्ण एंजिन एका वस्तूप्रमाणे थंड होऊ लागते. आयझॅक न्यूटन यांनी १७०१ मध्ये नाव न देता प्रसिद्ध केलेल्या लॅटिन निबंधात मांडलेला शीतनाचा नियम येथे बराचसा लागू पडतो. या नियमानुसार वस्तूच्या थंड होण्याचा वेग तिच्या व भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणून ठराविक कालावधीत हा फरक निम्मा होत जातो.

उदाहरणादाखल ६० किग्रॅ. बीड, ४० किग्रॅ. ॲल्युमिनियम, ४ किग्रॅ. तेल व ६ किग्रॅ. शीतक असलेले एंजिन घेऊ. त्याचे तापमान १° से.ने कमी होण्यासाठी सु. ९३ किलोजूल उष्णता बाहेर जावी लागते. ९०° से. पासून २५° से. पर्यंत येताना ते सु. ६,००० किलोजूल उष्णता टाकते. म्हणजे पेल्याभर, सु. १९० मिलि., पेट्रोल जाळून मिळणारी उष्णता. धावत्या गाडीचे रेडिएटर काही दशक किलोवॉट उष्णता सहज बाहेर टाकते. उभ्या गाडीच्या एंजिनातून मात्र प्रारंभी जेमतेम एक किलोवॉट, म्हणजे घरगुती विजेच्या शेगडीइतकी उष्णता बाहेर पडते आणि तीही तापमानाबरोबर घटत जाते. या हिशेबाने तापमानातील फरक निम्मा होण्यास सु. सव्वा तास लागतो. तेव्हा ९०° से.चे एंजिन सव्वा तासाने सु. ५८° से., अडीच तासांनी ४१° से. व पाच तासांनी २९° से.वर येईल. प्रत्यक्षात उष्ण अवस्थेत नैसर्गिक अभिसरण व प्रारण ही दोन्ही अधिक प्रभावी असल्याने सुरुवातीचे शीतन या हिशेबापेक्षा थोडे जलद व शेवटचे अधिक मंद असते. वारा, उघडे बॉनेट, खालची तापलेली फरशी, एंजिनाभोवतालची ध्वनिशोषक आच्छादने यांमुळे हे आकडे बरेच बदलतात. सर्वसाधारणपणे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पूर्ण थंड असते व दुपारच्या जेवणापुरती थांबविलेली गाडी थंड नसते, एवढे म्हणता येते. हिवाळ्याच्या रात्री मांजरे एंजिनाच्या आश्रयाला येतात, ती याच सावकाश शीतनामुळे. म्हणून सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्याची सवय चांगली.

सर्व भाग एकाच गतीने थंड होत नाहीत. पातळ पत्र्याच्या नळ्या व पट्ट्या असलेले रेडिएटर प्रथम थंड होते. शीतकाचे तापमान विशिष्ट मर्यादेखाली, बहुधा ८०° से.च्या आसपास, आले की तापस्थापकाची झडप मिटते व ठोकळा रेडिएटरपासून जवळजवळ अलग पडतो. त्यामुळे रेडिएटर हाताला कोमट लागत असताना ठोकळ्यातील पाणी चांगलेच कढत असू शकते. तळाच्या पात्रातील तेल ठोकळ्याच्या मागोमाग थंड होते व त्याची श्यानता वाढत जाते. निष्कास नळातून येणारा टिकटिक असा आवाज हा आकुंचनाचा परिणाम होय. दोन मीटर लांबीचा पोलादी नळ सरासरी २५०° से.ने थंड झाल्यास त्याची लांबी सु. ६ मिमी. कमी होते. जोड, पट्ट्या व उष्णतारोधक पत्रे हे आकुंचन सलगपणे होऊ देत नाहीत. घर्षणाने अडलेले भाग मधूनमधून सुटतात व प्रत्येक सुटण्याबरोबर आवाज होतो. हा बिघाड नव्हे.

शीतन पद्धतींचा इतिहास व विरामोत्तर वर्तन : कार्ल बेंझ यांच्या १८८६ मधील तीनचाकी गाडीत सिलिंडराभोवतालचे पाणी उकळून वाफेवाटे उष्णता जात असे व कमी झालेले पाणी वेळोवेळी भरावे लागे. व्हिल्हेल्म माय्‌बाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेचे रेडिएटर तयार केले व १९०१ च्या मर्सिडीझ गाडीत ते वापरण्यात आले. तेव्हापासून थोड्या पाण्यावर मोठ्या शक्तीचे एंजिन चालविणे शक्य झाले. पाणी जितके थोडे तितकी धावतानाची योजना आटोपशीर, पण एंजिन बंद केल्यावर धातूतील उष्णता सामावून घेण्याची त्याची क्षमताही तितकीच कमी, हा त्यातील दुसरा पैलू होता.

फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या गाडीच्या पहिल्या सु. २,५०० गाड्यांत पाण्याचा पंप होता. नंतर तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरते, या थर्मोसायफन तत्त्वावर या गाड्या चालत. विरामोत्तर शीतनाच्या दृष्टीने ही जुनी पद्धती नंतरच्या पंपयुक्त पद्धतीपेक्षा सरस होती असे म्हणावे लागते, कारण एंजिन बंद झाल्यावरही तापमानात फरक असेपर्यंत पाणी आपोआप फिरत राही. पंपयुक्त एंजिनातही असे अभिसरण थोडेफार होते, परंतु अरुंद मार्ग व तापस्थापक यांमुळे ते क्षीण असते.

हवेने थंड होणाऱ्या एंजिनांत, उदा., फोक्सवॅगनची बीटल मोटारगाडी किंवा बजाज चेतक स्कूटर यांत, पंखा एंजिनाबरोबर थांबतो. मात्र पाण्याचा साठा नसल्याने एकूण साठलेली उष्णता कमी व पंखांसारख्या पट्ट्यांमुळे पृष्ठभाग मोठा असतो. साहजिकच ही एंजिने लवकर थंड होतात. तसेच उकळण्यासारखे काही नसल्याने थांबल्यानंतरच्या तापमानवाढीचे दुष्परिणामही त्यांत मर्यादित असतात.

विजेवर चालणारे रेडिएटर पंखे प्रचारात आल्यावर एंजिन बंद असतानाही पंखा चालविणे शक्य झाले. अनेक गाड्यांत शीतकाचे तापमान ठराविक मर्यादेवर गेल्यास किल्ली काढल्यानंतरही पंखा काही मिनिटे फिरत राहतो, किंवा थांबलेला पंखा अचानक सुरू होतो. तेव्हा बॉनेट उघडून काम करणाऱ्याने बंद एंजिनाच्या पंख्यालाही हात लावू नये. काही गाड्यांत याच्या जोडीला विजेवर चालणारा लहान पाणी-पंप असतो व त्यामुळेच पंख्याचा खरा उपयोग होतो. कारण शीतक फिरत नसेल, तर पंखा मुख्यतः रेडिएटरमधील पाणीच थंड करीत राहतो.

दाब व रेडिएटरचे झाकण : बंदिस्त शीतन योजनेतील झाकण सु. १ वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते. या दाबाखाली साधे पाणी सु. १२०° से.ला उकळते. एथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास उत्कलनबिंदू आणखी वाढतो. म्हणूनच विरामोत्तर तापमानवाढ होऊनही निर्दोष योजनेतील शीतक उकळत नाही. परंतु अशा वेळी झाकण उघडले की दाब नाहीसा होतो व शीतक क्षणात उकळतो. ११५° से.च्या एक लिटर पाण्यापैकी सु. २८ ग्रॅ. पाण्याची तत्काळ वाफ होते व तिचे आकारमान ४५ लिटरांहून अधिक भरते. ही वाफ उरलेले कढत पाणी कारंज्यासारखे बाहेर फेकते आणि झाकणावर वाकलेल्या व्यक्तीचा चेहरा, मान व हात भाजतात. एंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झाली म्हणजे धोका टळला असे समजणे सर्वांत घातक आहे, कारण नेमका त्याच सुमारास शीतक सर्वाधिक उष्ण असू शकतो. वरची रबरी नळी दाबून पाहिल्यास ती मऊ लागेपर्यंत व झाकणाला उघडा हात सहज लावता येईपर्यंत थांबणे आवश्यक असते. यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागू शकतो.

अतितप्त झालेल्या एंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतणेही तितकेच अयोग्य. पाण्याचा स्पर्श झालेला भाग एकदम आकुंचन पावतो, शेजारचा तप्त भाग तसाच राहतो व या ताणाने बिडाला तडा जातो किंवा ॲल्युमिनियमचे शीर्ष वाकते.

शीतन पूर्ण होत आले की शीतक आकुंचन पावून योजनेत अंशतः निर्वात निर्माण होतो. झाकणातील उलट बाजूची छोटी झडप उघडते व उष्ण असताना बाहेरच्या बाटलीत गेलेला शीतक परत ओढला जातो. ही झडप बिघडल्यास वरची नळी चपटी झालेली आढळते. थंड एंजिनात अशी चपटी नळी दिसणे हे झाकण बदलण्याचे लक्षण होय.

इंधनावर होणारा परिणाम : पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्याचे हलके घटक सु. ३५° से. पासून उकळू लागतात. कार्ब्युरेटरयुक्त गाड्यांत एंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून आत ओघळे व मिश्रण अतिसमृद्ध होई. किंवा इंधन पंप व नळ्या यांत बाष्प साठून पेट्रोलचा पुरवठाच तुटे. या दुसऱ्या दोषास बाष्परोध म्हणतात. तो गाडी थांबविल्यापासून सु. दहा मिनिटे ते अर्धा तास या काळात विशेष जाणवे. लगेच किंवा तासाभराने सुरू केल्यास गाडी विनातक्रार चाले. नेमका घाट चढून माथ्यावर चहापुरता थांबणारा प्रवासी या पेचात सापडे. एंजिनावर बसविलेला यांत्रिक इंधन पंप असलेल्या ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे चालक पंपावर ओले फडके गुंडाळत. पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप थंड होऊन आतील बाष्पाचे पुन्हा द्रवात रूपांतर होई. हा उपाय शास्त्रशुद्ध होता व माठातील पाणी गार होण्यामागील तत्त्वच त्यात होते. इंधन अंतःक्षेपण पद्धतीत पंप टाकीत असतो व नळ्यांतील पेट्रोल सु. ३ वातावरण किंवा अधिक दाबाखाली असते. त्यामुळे बाष्परोध जवळजवळ नाहीसा झाला आहे.

उभ्या तप्त गाडीतून उडणारे पेट्रोलचे बाष्प हवा प्रदूषित करते. त्याचे मापन करण्यासाठी तापलेली गाडी सीलबंद कक्षात तासभर उभी करून कक्षातील हायड्रोकार्बनांचे प्रमाण पाहतात. हे बाष्प सक्रियित कोळशाच्या डब्यात शोषून ठेवून एंजिन पुन्हा चालू झाल्यावर जाळले जाते.

टर्बोचार्जर व वंगण : निष्कास वायूंनी फिरणाऱ्या टर्बोचार्जरचे चाक पेट्रोल एंजिनात ९००° से.हून अधिक तापमानाच्या वायूंत, मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरते. त्याचा दंड तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो व तेच तेल धारव्यांतील उष्णता वाहून नेते. जोरात चालविलेले एंजिन एकदम बंद केल्यास तेलाचा पुरवठा तुटतो व चाकातील उष्णता दंडावाटे धारव्यांत येते. तेथे अडकलेले तेल करपून कोळशासारखा कठीण थर बसतो, तेलाचे मार्ग अरुंद होतात व काही काळाने धारवे निकामी होतात. १९८० नंतरच्या दशकात धारव्यांच्या कवचातून पाणी खेळविण्याची पद्धत रूढ झाली. एंजिन बंद झाल्यावर हे पाणी तापून वर चढते व त्याच्या जागी थंड पाणी येते, म्हणजे मॉडेल टीमधील जुने तत्त्वच येथे पुन्हा कामी येते. संश्लेषित तेलांमुळेही हा दोष बराच कमी झाला आहे. तरीही दीर्घ चढ किंवा वेगवान प्रवास संपल्यावर एंजिन एखादे मिनिट मंद चालवून मग बंद करणे हितावह असते. शहरातील साध्या वापरानंतर मात्र असे करणे इंधनाचा अपव्ययच होय.

अन्य परिणाम : एक लिटर पेट्रोल जळताना सु. एक लिटर पाणी निर्माण होते. एंजिन थंड होताना निष्कास नळात व काही अंशी तेलपात्रात राहिलेली वाफ संघनित होते. वारंवार थोड्याच अंतरासाठी चालविलेल्या गाडीत हे पाणी उडून जाण्याची संधी मिळत नाही व निष्कास नळ आतून गंजतो. उत्प्रेरकी परिवर्तक असलेली तप्त गाडी वाळलेल्या गवतावर उभी केल्यास गवत पेट घेण्याचा धोका असतो, कारण परिवर्तकाचे कवच गाडी थांबल्यानंतरही बराच वेळ अतिशय तापलेले राहते.

पूर्ण थंड एंजिन सुरू करताना तेल घट्ट असते, मिश्रण समृद्ध ठेवावे लागते व परिवर्तक सु. २५०° ते ३००° से.ला पोहोचेपर्यंत प्रदूषके जवळजवळ तशीच बाहेर पडतात. या दृष्टीने एंजिन थंड होऊ देणे हाच तोटा ठरतो. म्हणून साठलेली उष्णता राखून ठेवण्याचेही प्रयत्न झाले आहेत. टोयोटा कंपनीने प्रियस या संकरित गाडीच्या दुसऱ्या पिढीत उत्तर अमेरिकेतील ग्राहकांसाठी सु. ३ लिटर क्षमतेचे, थर्मासच्या धर्तीवरचे निर्वात भित्तींचे पात्र बसविले होते. गाडी बंद केल्यावर विजेचा पंप उष्ण शीतक या पात्रात भरी व तो तीन दिवसांपर्यंत उष्ण राही. पुढच्या वेळी एंजिन सुरू होण्यापूर्वी तोच शीतक सिलिंडर शीर्षात सोडला जाई. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत हे पात्र वगळण्यात आले व त्याऐवजी शीतक लवकर तापविण्यासाठी निष्कास वायूंची उष्णता वापरण्यात आली.